वंदनेचं पाणी

आई गेली आणि बाबांनी अंथरूण धरलं. आजार असा काहीच नव्हता. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावरही रोज सायकल काढून आमचं अख्खं रांझी उपनगर पालथं घालणारा माणूस, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. जेवा म्हटलं की दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी सदर भागातल्या एका शाळेत शिकवत होते. घरी परतल्यावर दाराची कडी वाजवायची, आणि आतून खाकरण्याचा आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

दिवसातून एकदाच ते आपणहून उठत, सकाळच्या वंदनेला. आंघोळ करून बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, पेलाभर पाणी ठेवायचं, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. मूर्तीपुढचं पाणी आमच्या घरात मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. आई ते अंगणातल्या मोगऱ्याला घालायची. बाबांनी मात्र आईचं कुंडीतलं जेडचं झाड निवडलं.

हे जेड आईला आम्हा सगळ्यांपेक्षा लाडकं होतं, आणि ती ते लपवायचीही नाही. जाड गुबगुबीत पानं, पानांना दुधी काठ, चांगलं ऊन मिळालं की त्या काठावर गुलाबी झाक. पानात हिरवं कमी, म्हणून साध्या जेडपेक्षा ते सावकाश वाढायचं. मधेच एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटली की आई लगेच खुडून टाकायची. ठेवली तर तीच जोर धरते आणि पांढरं मागे पडतं, म्हणायची. पाणी पंधरवड्यातून एकदा, थंडीत त्याहून कमी, तेही मातीत बोट खुपसून ती पार कोरडी असल्याची खात्री झाल्यावर.

अशा झाडाला ऐन थंडीत रोज पेलाभर पाणी मिळू लागलं.

आधी खालची पानं पिवळी पडली. मग ती पारदर्शक, पिचपिचीत व्हायला लागली आणि नुसता हात लागला तरी गळू लागली. काय होतंय ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तेवढ्या एका पेल्यासाठी बाबा अंथरुणातून उठत होते. सांगावं तर ते उठायचेच बंद होतील, न सांगावं तर आईचं झाड डोळ्यांदेखत सडेल. मी पार कात्रीत सापडले.

मग सुरू झाल्या माझ्या चोरट्या युक्त्या. बाबा झोपलेले असताना माती बदलली, तिच्यात नर्मदेची रेती आणि विटांचा चुरा मिसळला. कुंडीचं भोक मोठं केलं. पेला अर्धाच भरून ठेवला, तर ते उठून काठोकाठ भरून आणत. एकदा कुंडी सरळ गच्चीवर नेऊन ठेवली. बाबा एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात पेला सांभाळत वर आले आणि पाणी घालूनच खाली उतरले. मला भयंकर राग आला, आणि गच्चीपर्यंत चढले म्हणून बरंही वाटलं. आम्ही देव मानत नाही, त्यामुळे नवस बोलायचीही सोय नव्हती.

एका रविवारी मातीलगतचा बुंधा दाबून पाहिला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात जावं तसं बोट आत गेलं. वरच्या दोन फांद्या अजून टणक होत्या. आज पाणी थांबलं असतं, तर त्या कापून, सुकवून, नव्या रेतीत लावता आल्या असत्या. वंदना आटोपून बाबा पेला घेऊन आले, तेव्हा मी कुंडीपुढे आडवी उभी राहिले. हात जोडले.

"बाबा, नका घालू. पाण्यानंच मरून राहिलं ते."



"डॉक्टरबी असंच म्हणत होते," ते म्हणाले.

आईच्या किडन्या गेल्या होत्या. शेवटी शेवटी तिला पाणी मोजून द्यायचं होतं, दिवसभरात जेमतेम घोट-दोन घोट. ती सारखं मागायची. मला ते ऐकवत नसे, मी वॉर्डाबाहेर जाऊन बसायची. बाबा मात्र खाटेजवळून हलले नाहीत. ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत राहिले, आणि नाही म्हणत राहिले.

"मांगून मांगून गेली ती," बाबा म्हणाले. "मी नाही देल्लं. मंग वाचली काहून नाही?"

मी बाजूला झाले.

बाबा खाली बसले आणि त्यांनी बुंध्याशी सावकाश अख्खा पेला रिकामा केला. मग तो माझ्यापुढे धरून म्हणाले, अजून एक भरून आण. मी आणला.