वेणीवाली आणि बॉबकटवाली

रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की ते चपलेनं उडवून पुढे जाणारी बाई आहे मी. यावरून नागपूरला आईच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. पेशानं सर्व्हर सांभाळते. काही बिघडलं की लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडायचा, कारण सापडतंच... एवढाच माझा देवधर्म. अतर्क्य अनुभवांच्या या सदरात कधी आपण लिहू असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण नऊ महिने झाले, लॉग वाचून वाचून डोळे गेले, आणि कारण सापडलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

मी टेक्सासमध्ये अर्विंगला राहते, एकटी. टीव्हीखाली एक जुना लॅपटॉप कायम चालू असतो, तो माझा घरगुती सर्व्हर. सकाळी कामाला बसण्याआधी मी त्यात लॉगिन करते. केलं की टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालतो. एका बाजूला अक्षरं आणि चिन्हं जुळवून काढलेलं चित्र येतं, आणि शेजारी मशीनची कुंडली — नाव, सिस्टीम कुठली, किती दिवस बंद न पडता चालू आहे, मेमरी किती भरली, तापमान किती. उपयोग म्हणाल तर शून्य. पण आमच्या धंद्यातले लोक यावर तासन्‌तास घालवतात. दारात रांगोळी काढावी ना, तसं.

माझं चित्र केतकीनं काढलेलं. केतकी म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट. परीक्षेचा अभ्यास सोडून तिनं हे उद्योग केले होते. कट्ट्यावर बसलेल्या दोन मुली, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. आठाचे आकडे एकाखाली एक लावून केलेली लांब वेणी, ती केतकी. बॉबकटवाली मी. डोळ्यांच्या जागी छोटी गोल अक्षरं. कॉम्प्युटर बदलले, देश बदलला, पण ती फाइल मी सगळीकडे बरोबर नेली.

लग्नानंतर केतकी फ्रिस्कोला आली, माझ्यापासून अर्ध्या तासावर. नवरा रोहित, पुण्याचा, चांगल्या नोकरीत. बोलायला इतका गोड की माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर "काकू, गुडघ्याची काळजी घ्या" म्हणायचा. केतकी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी नाही. आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, मग दोन महिन्यांतून. "रोहितला गर्दी आवडत नाही गं," ती म्हणायची. मी एकटी म्हणजे गर्दी? मी हसण्यावारी नेलं. याचा मला आजही स्वतःचा राग येतो.

नऊ महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी लॉगिन केलं आणि चित्रात काहीतरी खटकलं. वेणीवालीचा एक डोळा गोल नव्हता. तिथे फुलीसारखं चिन्ह होतं आणि भोवती ठिपक्यांचा गर्द डाग. शेजारी मशीनची तब्येत उत्तम — मेमरी मोकळी, तापमान नॉर्मल.

मला वाटलं, केतकीचा चावटपणा. त्या सर्व्हरवर तिचंही अकाउंट होतं, पूर्वी ती येऊन असले खेळ करायची. मी लगेच मेसेज टाकला, "काहून गं, माझ्या सर्व्हरवर बसून स्वतःचा डोळा फोडून घेतला का? कोणी मारलं बे तुला?" पुढे हसणारे चेहरे. उत्तर आलं नाही.

मंगळवारी डोळा तसाच आणि ओठाची रेघ मधोमध तुटलेली. मी फोन केला. तिनं उचलला.

"बरी आहे गं. सर्दी झालीये."

"चित्राचं काय चाललंय यार तुझं?"

"कोणतं चित्र?" ती म्हणाली. मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि फोन कट झाला.

मग मात्र मी फाइल उघडून बघितली. फाइलमध्ये दोन्ही डोळे गोल. ओठ अखंड. प्रोग्रॅम पुन्हा चालवला — डोळा फुटलेला, ओठ फाटलेला. जी फाइल धड आहे ती स्क्रीनवर मोडकी दिसते, हे शक्यच नाही. फॉन्ट बदलले, दुसऱ्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, तरी तेच. शेवटी कामाचा कॉल सुरू झाला म्हणून मी खिडकी बंद केली.

बुधवारी एक मीटिंग संपवून सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा लॉगिन केलं. वेळ नक्की आठवते, कारण ती सर्व्हरच्या लॉगमध्ये आहे. केतकीची वेणी पाठीवर नव्हती. आठाच्या आकड्यांचे तीन वेढे तिच्या गळ्याभोवती होते. तोंड उघडं. आणि बॉबकटवालीचा, म्हणजे माझा, तिच्या खांद्यावरचा हात कोपरापासून मोडून उलट्या बाजूला लोंबत होता.

मोबाइलनं फोटो काढला. तिला फोन केला, तीनदा. मग गाडी काढली.

अख्ख्या रस्त्यात मी स्वतःशी भांडत होते. पोलिसांना काय सांगणार? माझ्या टर्मिनलमधल्या मुलीचा गळा आवळलाय, लवकर या? पण त्यांच्या गल्लीत वळले आणि कामाच्या दिवशी भर दुपारी रोहितची गाडी दारात दिसली. मी नाइन-वन-वन लावला आणि धडधडीत खोटं बोलले — मैत्रिणीचा फोन होता, ती किंचाळत होती, तिला नवरा मारतोय.

गॅरेजचा कोड मला माहीत होता. आत शिरले तर किचनच्या फरशीवर केतकी पालथी, आणि तिच्या पाठीवर गुडघा रोवून रोहित. लॅपटॉपच्या चार्जरची वायर तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळलेली, दोन्ही टोकं त्याच्या हातांत. तिची टाच फरशीवर नुसती घासत होती. आवाज तेवढाच.

शेगडीवर बिडाचा तवा होता. तो मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यात घातला. रक्त आलं, वायर सुटली, पण तो पडला नाही. वळला. काकूंच्या गुडघ्याची चौकशी करणारा तो माणूस मला म्हणाला, "तुला बोलली ना ही? सोमवारी तुझा मेसेज बघितला तेव्हाच कळलं मला!" माझा हात पिरगाळून त्यानं तो ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडेवर आपटला. पहिल्यांदा दुखलं. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पोलीस आत आले होते.

केतकी वाचली. हॉस्पिटलमध्ये घोगऱ्या आवाजात तिनं सांगितलं ते असं. डोळ्यावर त्यानं रविवारी मारलं होतं. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सोमवारी तिचा फोन त्याच्या हातात होता, माझा मेसेज त्यानंच वाचला. ओठ त्यामुळे फुटला. आणि बुधवारी साडेअकरापर्यंत तो ऑफिसमध्ये होता. म्हणजे मी चित्रात वेणीचे वेढे बघितले तेव्हा गळ्याभोवती वायर आलेलीच नव्हती.

"तू मेसेज केला म्हणून त्यानं मारलं," ती म्हणाली. मी ढसाढसा रडायला लागले. माझी थट्टा होती ती, आणि तिच्या गळ्यापर्यंत गेली होती. मग ती म्हणाली, "आणि नसता केला तर कधी ना कधी मारलंच असतं. तेव्हा तू आली नसती."

जबाब घेणाऱ्या ऑफिसरनं विचारलं, तुझ्या फोनमध्ये तिचा कॉल दिसत नाही, मग तुला कळलं कसं? मी म्हटलं, मला आतून वाटलं. त्यानं माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं आणि पान उलटलं.

घरी येऊन लॉगिन केलं तर चित्र पहिल्यासारखं. फाइलवर शेवटच्या बदलाची तारीख हॉस्टेलच्या दिवसांतली. जुन्या बॅकअपशी ताडून बघितली, एका अक्षराचाही फरक नाही. केतकीचं शेवटचं लॉगिन त्याआधी आठ महिन्यांचं, बाहेरून कुणी शिरल्याची खूण नाही. आणि बुधवारचा तो फोटो... त्यात दोन मुली कट्ट्यावर बसल्यात, खांद्यावर हात टाकून, हसत. ते चित्र आम्हाला वाचवत होतं की मला तो मेसेज टाकायला लावून आधी आगच लावत होतं, हेही मला ठरवता येत नाही.

केतकी आता माझ्याकडेच राहते. खटला चालू आहे, आणि रोहित जामिनावर बाहेर आहे. कोर्टाचा हुकूम आहे की त्यानं तिच्या जवळ फिरकायचं नाही. पण हुकूम म्हणजे कागदच.

तो बाहेर आला त्या दिवशी मी तिला विचारलं, "प्रोग्रॅम काढून टाकू का गं?"

"राहू दे," ती म्हणाली.

रोज सकाळी आम्ही दोघी टीव्हीसमोर खाली बसतो. लॉगिन मी करते, बघते ती. चित्रात आधी माझा हात बघते, मग स्वतःचा गळा. "धड आहोत," म्हणते. मग आम्ही चहा ठेवतो.