दाराशी ठेवलेला धोंडा

बाई गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. सकाळची गाडी घोटावड्याच्या शाळेपुढं थांबली, तो खाली उतरला, टोपी काढून म्हणाला, "हौसाबाई, तुमच्या वत्सलाबाई गेल्या. काल दुपारी, पुण्याला. झोपेतच गेल्या म्हनं." मी वर्गाच्या दारात उभी होते, हातात खडू होता. आठवीच्या मुली वाट बघत होत्या, म्हणून आत गेले आणि इंग्रजीचा तास घेतला... दुसरं काही सुचलंच नाही. रडू आलं ते दोन दिवसांनी, भाकरी थापताना, आणि मग आवरता आवरेना. आता महिना होत आला. ज्या बाईंनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याबद्दल चार ओळी तरी माझ्या हातून व्हाव्यात, म्हणून बसले आहे.

बाई पुण्याच्या पेठेतल्या. मुळशीत शिकवायला आल्या तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं काटक, आवाज मात्र या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. चहात आलं इतकं ठेचायच्या की पिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. कुणाला इंग्रजी कागद लिहायचा किंवा वाचायचा असला की तो बाईंकडे यायचा, आणि बाईंचा एक नेम होता. शाळेच्या ओट्यावर बसून त्या कागदातलं एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगत. ते झाल्याशिवाय कुणी सही करायची नाही, अंगठा उठवायचा नाही. "आधी कानांनी वाचा, मग शाई लावा," म्हणायच्या. लोक कंटाळायचे, पण बसायचे. हा नेम नसता तर आज मी शेरडांमागं असते, यात मला तिळमात्र शंका नाही.

तेव्हा आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. इंग्रजी सुरू व्हायचं आठवीला, आणि आठवी होती लांब. मुलगे नातेवाइकांकडे राहून शिकायचे, मुलींचं शिक्षण तिथंच थांबायचं. मी सातवी झाले आणि आईनं मामाच्या पोराचं नाव काढायला सुरुवात केली. आमची धनगरांची वस्ती डोंगराच्या पोटाशी, त्यातून वडील वारलेले. आई सरळ म्हणाली, "आठवी हितंच निघाली तर शिक. न्हाईतर लगीन." तेवढ्यात गावानं आठवीच्या वर्गासाठी वरच्या कचेरीकडं अर्ज करायचं ठरवलं. त्या काळी इंग्रजी अर्जाचं वजन पडायचं. अर्ज लिहिला तात्यांनी. तात्या गावातले मोठे शेतकरी, मिल्ट्रीत कारकुनी करून आलेले. माणूस मनानं चांगला, पण आपल्या इंग्रजीवर भारी जीव.

ओट्यावर सगळे जमले. बाई तात्यांचा अर्ज मराठीत सांगू लागल्या. "गावातल्या आणि जवळच्या वस्त्यांतल्या मुलींची सोय व्हावी, म्हणजे माळवाडी आणि खालची आळी..." आईनं अंगठ्याला शाई लावूनही ठेवली होती. तिनं हात तसाच वर धरला आणि विचारलं, "ह्यात आमी कुटं?"

"येतंय की त्यातच," तात्या म्हणाले. "दोन नावं वानगीदाखल घातल्यात. सायबाला काय कळत न्हाई व्हय?"

बाईंनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. दोन नावांच्या आधी तात्यांनी आय.ई. लिहिलं होतं. "तात्या, तुमच्या मनात वानगी आहे, पण कागदावर 'म्हणजे' आलंय," त्या म्हणाल्या. "आय.ई. लिहिलं की एवढ्या दोनच वस्त्या, तिसरी नाही. तुम्हाला हवंय ते ई.जी., 'जसं की'. साहेबानं ही वस्ती पाहिलेली नाही, तो कागदच पाहणार."

"मग एवढ्यासाठी समदा कागद पुन्ना ल्ह्यायचा? उद्याच्या गाडीनं जायचाय."

"लिहायचा. आणि तुम्हीच लिहायचा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

तात्यांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुन्हा बैठक मारली आणि सबंध अर्ज नव्यानं उतरवला. शाई वाळेपर्यंत आई तो अंगठा तसाच धरून बसली होती. पुढं वर्ग मंजूर झाला आणि आदेशात आमच्या अर्जातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरलं होतं, म्हणून आमची वस्तीही त्यात बसली. मामाच्या पोराला दुसरी मुलगी मिळाली, सुखी आहेत दोघं.

एवढं होऊनही आठवीत माझाच त्या दोन अक्षरांत घोळ व्हायचा! बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही शेरडं कशी कोंडता गं?" वाडग्याला काटेरी कूड कशी घालतात, दाराला धोंडा कसा लावतात, ते मी रंगात येऊन सांगितलं. "मग झालं तर," बाई म्हणाल्या. "आय.ई. म्हणजे दार लावलं, आत आहेत तेवढीच. ई.जी. म्हणजे दार उघडं, अजून यायची आहेत. आणि व्हिझ. म्हणजे कोंडलेल्यांची नावं घेऊन हजेरी." एकदा मी ई.जी. लिहून शेवटी एट्सेटराही जोडलं, तर म्हणाल्या, "दार सताड उघडं टाकलंस, वर पुन्हा हाका कशाला मारतेस?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. त्यानंतर ते कधी चुकलं नाही.

वर्गाचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून आईनं आमच्या वाडग्याचा धोंडा डोक्यावरून आणून दिला. बाईंनी दार उघडं ठेवून त्याला तो लावला तो कायमचा. डोंगरावरच्या मुली शेरडं सोडून, पाणी भरून यायच्या, उशीर ठरलेला. बाई कधी ओरडल्या नाहीत. फळ्यावर ई.जी. लिहून दोन उदाहरणं त्या स्वतः लिहायच्या आणि उशिरा येणारीच्या हातात खडू द्यायच्या. "तिसरं तुझं." हीच शिक्षा. तिच्या भीतीनं मी वाटभर शब्द आठवत डोंगर उतरायचे... माझं निम्मं इंग्रजी त्या पायवाटेवरचं आहे.

बाई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या आणि त्यांच्या जागी मी लागले. दर दिवाळीला भेटायला जायचे. शेवटच्या भेटीत त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी चहात आलं तेवढंच. विचारलं एकच, "दार आपटत नाही ना गं?" नाही म्हटल्यावर समाधानानं डोळे मिटून बसल्या. आता दिवाळीला मी कुठं जाऊ, हे मला खरंच कळत नाही.

मागच्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, आमच्याच वस्तीच्या वरच्या अंगाची. तास अर्धा झालेला. ती बाहेर भिंतीला चिकटून उभी, आत यायला धजेना. पहिल्या ओळीतली पोर तिला म्हणाली, "दार उघडंच हाय की, ये." ती धोंड्याला वळसा घालून आत आली. केसांत गवताची काडी, पाय धुळीनं भरलेले. फळ्यावर ई.जी.पुढं दोन शब्द मी लिहून ठेवले होते. मी खडू तिच्यापुढं धरला.

"तिसरं तुझं," म्हटलं.