माझे तयार कान आणि दादांची खिडकी

माझे कान फार तयार आहेत, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच माहीत होती.

मध्य प्रदेश तेव्हा नवीनच होता. इंदूरची कार्यालयं एकेक करून भोपाळला चालली होती आणि त्यांच्यामागून साहेबलोक. तुकोगंजातले आमच्या ओळखीचे एक साहेब असेच बदलीवर निघाले. त्यांच्याकडे लाउडस्पीकरची विलायती जोडी होती. लाउडस्पीकर म्हणजे लग्नातला कर्णा नव्हे (हे घरात पटवता पटवता माझा आठवडा गेला!), तर घरात बसून गाणं ऐकायची लाकडी कपाटं, एकेक माझ्या छातीएवढं उंच. "न्यायची कटकट नको. आवडली तर ठेवून घ्या," साहेब म्हणाले. इकडे मल्हारगंजात, आमच्याच गल्लीत, रामेश्वर मिस्त्रींनी अस्सल सागवानाची तशीच जोडी बनवून ठेवली होती. "भिया, अपना माल सुन लो, विलायती भूल जाओगे!" हा त्यांचा दावा. निवड करायला म्हणून मी दोन्ही जोड्या घरी आणल्या.

बारा फुटांच्या बैठकीत चार कपाटं! माझी बायको शालू दारातच थबकली.

"अहो, आता माणसांनी जायचं कुठून?"

"माणसांनी जायचं नाही. बसायचं आणि ऐकायचं!"

वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा बरोबर त्रिकोण जमला पाहिजे, नाहीतर संगीताचा खून होतो. मी मोजपट्टी घेऊन रांगत रांगत मापं काढली. उजवा स्पीकर दाराजवळ, मी मध्ये, आणि डावा... डावा नेमका खिडकीखाली, जिथे दादांचा दिवाण होता.

दादा म्हणजे माझे वडील. उभी हयात होळकरांच्या कचेरीत गेली. मग संस्थान गेलं, नोकरी गेली, गुडघेही गेले, आणि उरली ती ही खिडकी. सकाळी सातपासून दादा शेजारी ट्रान्झिस्टर ठेवून तिथे बसत आणि गल्लीचा कारभार पाहत. भाजीवालीला हाक, टांगेवाल्याला दम, शाळेला उशीर झालेल्या मास्तरांना "आज पण?" असा खडा सवाल. मागच्या खोलीलाही खिडकी होती, पण तिच्यातून फक्त शेजाऱ्यांची भिंत दिसायची.

"दादा, मागे किती शांत आहे बघा," मी मधाळ आवाजात म्हणालो.

"शांत तर मसणातही असतं."

"पण संगीतासाठी..."

दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक. तुझे कान एवढे तयार आहेत ना? डोळ्यांवर पट्टी बांध. विलायती कुठला, मिस्त्रीचा कुठला, तीनदा बरोबर सांग. मी स्वतः गादी गुंडाळून मागे जातो. एकदा जरी चुकलास, तरी चारही कपाटं बाहेर!"

मी हसून कबूल केलं. किती हसलो होतो, ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

रविवारी सकाळी सामना ठरला. आता इंदुरात कुठलीही गोष्ट पोह्यांशिवाय होत नाही, आणि जिथे पोहे तिथे माणसं! नऊ वाजेपर्यंत अर्धी गल्ली बैठकीत आणि उरलेली जिन्यावर. शालूने तिसऱ्यांदा पोहे टाकले. "साउंड एकदम जोरदार है, भिया," एक शेजारी जिलबी चावत म्हणाले. तेव्हा अजून काही सुरूच झालं नव्हतं!

दादांच्याच उपरण्याने माझे डोळे बांधले. मिस्त्रींनी माझ्या रेकॉर्डच्या यंत्राला तारा जोडल्या. रेकॉर्डवर सतार सुरू झाली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला काही म्हणजे काहीही कळत नव्हतं! सतार ती सतार. एवढ्यात मिस्त्रींच्या बाजूने हळूच आलं, "वाह!"

"मिस्त्रींची जोडी!" मी ओरडलो. टाळ्या!

मिस्त्रींनी तारा बदलल्या. पुन्हा तीच सतार. मी कान टवकारले, सतारीसाठी नव्हे, "वाह"साठी. मिस्त्री गप्प.

"विलायती!"

पुन्हा टाळ्या! बिचारे मिस्त्री. आपला माल वाजला की त्यांना राहवत नसे, आणि दुसऱ्याच्या मालाला दाद देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. माझ्या तयार कानांचं गुपित एवढंच. (हे मी आज प्रथमच कबूल करतोय. मिस्त्रींना सांगू नका.)

गलका जरा थांबला. दिवाणाकडून चादर झटकल्याचा आवाज आला. दादा गादी गुंडाळायला लागले होते. "दादा, एकदा बाकी आहे ना अजून!" शालू काकुळतीला येऊन म्हणाली. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू? पण त्रिकोणाची हाव वाईट! मी म्हणालो, "चला मिस्त्रीजी, आखरी बार!"

मिस्त्री तारांशी खुडबुडले. क्षणभर सगळं चिडीचूप. मग सनई सुरू झाली. "वाह" आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"विलायती!" मी हात उंचावून जाहीर केलं. कोणी टाळी वाजवेना. यांना समजावून सांगायला हवं असं वाटून मी पुढे सुरू झालो, "नीट ऐका! केवढी खोली! वादक डावीकडे, तीन हात मागे बसलाय. त्याचा श्वास ऐकू येतोय, श्वास! हे सागवानाला जमायचं नाही, मिस्त्रीजी. याला म्हणतात विलायती!"

जिन्यावर कोणीतरी फुसकन हसलं. मग जो हशा उसळला, तो मात्र मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आला. मी उपरणं ओढून काढलं.

"भिया," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, "बिजली तो कब की गुल है!"

यंत्राचा लाल दिवा विझला होता. रेकॉर्ड थांबलेली. तिसऱ्यांदा तारा जोडतानाच वीज गेली होती. सनई येत होती ती दादांच्या मांडीवरच्या ट्रान्झिस्टरमधून! हरलो असं समजून त्यांनी गादीबरोबर तोही मागे न्यायला उचलला होता, आणि चालतो का बघायला सहज बटण फिरवलं होतं.

दादांनी गादी पुन्हा पसरली, उशी ठोकून नीट केली आणि खिडकीकडे वळून भाजीवालीला हाक मारली. संध्याकाळपर्यंत विलायती जोडी तुकोगंजात परत गेली आणि सागवानी मिस्त्रींच्या दुकानात.

उन्हाळ्याच्या तोंडावर शालू म्हणाली, "चला, मटका घ्यायचाय. ठोकून आवाज ऐकायला तुमचे कान कामाला येतील." मी चिडलो, पण गेलो. अकरा मटके वाजवले. डोळे मिटून, मान डोलावून, त्यातला सर्वात सुरेल निवडला. नळावर धुऊन, भरून, खांद्यावर घेऊन ऐटीत गल्लीत शिरलो. मागे धार लागली होती, मला पत्ता नाही! पण गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या देवळापर्यंतची ओली रेघ खिडकीतून एका माणसाला सर्वांच्या आधी दिसली, आणि त्याने ती माझ्या नावानिशी अख्ख्या मल्हारगंजाला ऐकवली.

त्या रविवारी वीज आणखी दोन मिनिटं टिकली असती, तर आज दादांना फक्त शेजाऱ्यांची भिंत दिसली असती!