मौनात गेले माझे वाल

मौन पाळलं की माणसाला स्वतःची ओळख पटते, हे अगदी खरं आहे. मला पटली. त्यात माझे वाल गेले!

आमची सूनबाई खोपोलीला नोकरी करते आणि जाता-येता मोबाईलवर प्रवचनं ऐकते. एका रविवारी मी सगळ्यांवर खेकसत होते (कारणं होती, सांगत बसले तर तुमचं जेवण राहील!), तर मला म्हणते, "आई, एक दिवस गप बसून बघा. हलायचं नाय, बोलायचं नाय. आत कोण हाय ते कळतं. पण तुमाला नाय जमायचं."

नाय जमायचं? मला? दिवस मावळेपर्यंत तोंड उघडणार नाही असं ठणकावून मी ओटीवर मांडी ठोकली.

तेवढ्यात धाकटे दीर आले. त्यांच्या पोराची हळद तोंडावर आलेली. "वैनी, मांडव तुमच्या खाचरात घालू काय? आमच्या दारात जागा नाय."

खाचरात माझे वाल! भात कापल्यावर पेरलेले, शेंगा टच्च भरलेल्या, वर्षभराच्या बिरड्याची सोय! मी डोळे वटारले.

"वैनी काय बोलत नाय रं दादा," दीर माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना म्हणाले.

"मंग हरकत नाय," हे म्हणाले. "असती तर कशेळ्यापर्यंत ऐकू गेली असती!"

मी दोन्ही हात वर करून नाचवले.

"बघ, आशीर्वाद पण दिला!"

सून दारात उभी राहून हसतेय. "आई, राग येतोय ना? नुसतं बघत राहा त्याच्याकडं."

बघत राहिले! तो पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत पोचला, तरी मी शहाणी दातावर दात दाबून बसलेली. का? तर सुनेपुढे हरायचं नाही!

दुपारी मांडववाल्याचा टेंपो चौक गावाहून आलासुद्धा. गडी खांद्यावर बांबू घेऊन खाचरात घुसले. निम्मे वाल पायाखाली गेले आणि माझं मौन फुटलं.

"अरे मेल्यांनो, माझे वाऽऽल!"

सकाळपासून तुंबलेला आवाज तो! गडी असे दचकले, की खांद्यावरचे सगळे बांबू धाडकन खाली. कुठे? उरलेल्या निम्म्या वालावर!

"आता काय राखायचं उरलंच नाय," हे शांतपणे म्हणाले. "घाला रं मांडव."

संध्याकाळी सुनेनं लांबूनच विचारलं, "आई, मग आत कोण दिसलं?"

"कोण दिसणार? मीच होते गं! आणि ती तर सकाळपासून माझ्याहून मोठ्यानं ओरडत होती!"