सहारातल्या गायी

सायकलच्या टोपलीत सुकी पानं साचतात, तसे ऑफिसात किस्से साचतात. मुद्दाम कुणी टाकत नाही. रोज चार ओळी लिहायची सवय म्हणून माझ्याकडे जरा जास्त साचलेत, एवढंच.

नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावातल्या आमच्या छोट्या ऑफिसात वर्षभर अल्जीरियाचा नकाशा चालला होता. पुण्याचा मिलिंद तो काढायचा, मी तपासायची. शेवटची मंजुरी तिकडच्या बेनसालेम साहेबांची. ती मिळाली तर मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार; नाहीतर परमिट संपणार आणि तो बायको-मुलीसह परत पुण्याला!

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलला मिलिंदने अख्खा दक्षिण भाग पिवळा दाखवला.

"एवढी वाळू कुठून आणलीत?" साहेबांनी विचारलं. "आमच्याकडे जास्त करून दगडच आहेत."

"सर, सहारा म्हटल्यावर..."

"मग तुमचं नेदरलँड्स ट्यूलिपच्या रंगात रंगवू का?"

*

आमचा बॉस हेंड्रिक अस्सल डच. दक्षिणेतल्या होगार पर्वताची उंची जवळजवळ तीन हजार मीटर वाचून त्याने एक शून्य खोडलं. "टायपिंग मिस्टेक!" त्यांच्या देशातला सर्वांत उंच डोंगर जेमतेम सव्वातीनशे मीटर.

मिलिंद म्हणाला, "हेंड्रिक, त्याच्या चौपट उंचीवर आम्ही भजी खायला जातो. सिंहगडावर!"

*

मग नद्या गायब झाल्या. सॅटेलाइटच्या फोटोत पाणी दिसेना, म्हणून मिलिंदने त्या पुसल्या.

"पाणीच नव्हतं, सर."

"येतं तेव्हा पूल घेऊन जातं," साहेब शांतपणे म्हणाले.

मी मिलिंदला म्हटलं, "अरे, मुठेच्या पात्रात गाड्या पार्क करणारे आपण! तू तरी ही चूक करायची?"

"ताई, माझीच गाडी वाहून गेली होती," तो म्हणाला, आणि मुकाट्याने नद्या परत काढायला बसला.

*

शेवटी साहेब स्वतः आले. टेबलावर नकाशा पसरला. त्यांचं बोट उत्तरेच्या डोंगरांवरून खाली सरकलं आणि ईशान्येच्या मोठ्या खाऱ्या सरोवरापाशी थांबलं. ते समुद्रसपाटीच्याही खाली आहे. आमचं सॉफ्टवेअर मूळ डच नकाशांसाठी बनवलेलं; इथे समुद्रसपाटीखालची जमीन म्हणजे गायींची कुरणंच. त्याने आपणहून तिथे हिरवं कुरण रंगवलं होतं. वर गायींची चित्रं! मिलिंदच्या नजरेतून सुटलं, माझ्याही.

"इथे फक्त मीठ आहे," साहेब म्हणाले.

मिलिंदचा चेहरा पांढराफटक.

हेंड्रिक चष्मा लावून वाकला. "पण समुद्रसपाटीच्या खाली आहे ना? मग गायी असणारच!"

साहेबांनी एकेक गाय बोटाने मोजली, मिलिंदकडे पाहिलं, मग हेंड्रिककडे वळून म्हणाले,

"या हाकलायला वेळ लागेल. ह्याला अजून एक वर्ष ठेवा. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकायच्या नाहीत."