अंगठ्याची सवय

माझ्या दुप्पट वयाचे माझे दोस्त म्हणजे गल्लीतले फोटोवाले काका. त्यांनी आयुष्यभर रोलवर फोटो काढले आणि प्रत्येक फोटोनंतर अंगठ्यानं छोटी दांडी ओढून रोल पुढे सरकवला. परवा त्यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला आणि पहिल्या फोटोचा मान काकूंना दिला. काकूंचा डोळे उघडे असलेला एकही फोटो जगात नव्हता. "दुनियेचे फोटो काढता आणि बायको कायम झोपलेली!" असं गिऱ्हाइकं चिडवायची.

"आता रोल संपायची भीती नाही," काका म्हणाले. "बघतोच किती वेळा डोळे मिटतेस!"

काकूंनी दर वेळी मिटले. काका पडद्यावर बघायचे, कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा बटण दाबायचे. मी थक्क होऊन त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होतो. प्रत्येक फोटोनंतर तो नसलेली दांडी ओढत होता.

काकूंनाही ते दिसलं. "अहो, हवेला गुदगुल्या करताय का?" म्हणत त्या खो खो हसत सुटल्या. काकांनी तेवढ्यात बटण दाबलं.

डोळे याही फोटोत मिटलेलेच आहेत. पण तो आता दुकानाच्या काचेत लागलाय, आणि बायको झोपलीय असं कुणी म्हणत नाही.