अक्षताच्या पाठीवरचं बोट

अक्षता माझ्या भावाची, हरिओमची लेक. सहा वर्षांची व्हती. आमचं घर भोकरदनला स्टँडच्या मागं, तं पोरगी शाळेच्या आधी एसटीच्या पाट्या वाचाय शिकली. मी मुद्दाम चुकायची. "जालना का गं?"

"आत्ये, येडी का तू? सिल्लोड हाय ते!" लई हसायची.

मला लेकरू न्हाई म्हणून नवऱ्यानं सोडलं, तव्हापासून मी भावाकडंच. अक्षता माझ्याजवळच वाढली.

ती जन्मली तव्हा पाचवीला न्हाऊ घालताना दिसलं, कंबरेच्या वर मणक्यावर टाचणीएवढं भोक, त्याला चार काळे केस. माझी माय झुंबरबाई म्हणली, सटवाई नशीब लिवाय आल्ती, बोट टेकवून गेली. मंग दर पुनवंला मी तिथं तेल-हळद लावायची. गल्लीतल्या लेकरू नसलेल्या बाया हात लावून जायच्या. मी तं रोज हात लावायची. काय मागायची ते सांगाय नको. डाक्टरला कोन दाखवणार, देवाची खूण ती.

गेल्या साली दोनदा ताप मेंदूत गेला. दवाखान्यात बरी झाली. पाठ कोनी पाह्यली न्हाई, आम्ही बी सांगितलं न्हाई. दिवाळीनंतर पाय लटपटाय लागले. एक दिवस उठलीच न्हाई.

"आत्ये, पाय झोपले माझे, उठव ना." लघवी बी बंद झाल्ती.

संभाजीनगरला नेलं. डाक्टरीणबाईनं पालथं घातलं अन् इचारलं, "हे जन्मापासून आहे? कुणाला दाखवलं नाही?"

हरिओम माझ्याकडं बघून राह्यला. मी म्हणले, "बाई, सटवाईची खूण हाय ती."

त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "हे भोक आत मज्जारज्जूपर्यंत गेलंय. त्यातून जंतू गेले, पू झालाय. तुमच्या तेलानंच झालं असं नाही. पण तान्ही असताना दाखवली असती, तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं."

ऑपरेशन झालं, पू काढला. चवथ्या दिवशी गेली.

शेजारच्या महजबीनला परवा लेक झाली. मी गेले अन् पैले म्हणले, "पाठ दाखव."

"अरे आपा, पैले मूँ तो देखो!" हसली, मंग उमजलं तिला. तिनंच लेकीला पालथं घातलं. पाठ साफ व्हती.

मी मांडीवर घेतली. अक्षता बी तान्ही असताना एवढीच भरायची. महजबीन लेकीला दूध पाजायला परत मागून राह्यली व्हती.

मी म्हणले, देते गं, जरा थांब.